ट्रेकचा ऑफलाइन नकाशा: कुठे शोधायचा, कसा तपासायचा आणि त्यावरून दोन दिवसांचा बेत कसा आखायचा?

डिसेंबरातला शनिवार. आम्ही चौघं सकाळी रतनवाडीहून कुमशेतकडे चालत निघालो होतो. पाठीवर सॅक, खिशात फोन आणि फोनमध्ये इंटरनेटवरून उतरवलेली जीपीएक्स फाइल. कात्राबाईच्या खिंडीतून पलीकडे उतरताना एका जागी पायाखालची मळलेली वाट वळसा घेऊन आडवी निघाली आणि स्क्रीनवरची निळी रेषा सरळ खाली गेली. चौघांत तिघं इंजिनिअर. साहजिकच आम्ही रेषेचं ऐकलं.

तासाभराने आम्ही एका कोरड्या घळीत होतो. मोठमोठे धोंडे, दोन्ही बाजूंना कारवी. आणखी थोडं खाली गेल्यावर घळ एकदम संपली. पुढे थेट तुटलेला कातळ होता, दोन-तीन मजले खोल. आलो त्याच घळीतून परत वर चढायला दोन तास लागले. कुमशेतला चार वाजता पोचायचं होतं, पोचलो रात्री साडेआठला. ज्यांच्या घरी मुक्काम ठरला होता ते काका टॉर्च घेऊन आम्हाला शोधायला निघायच्या बेतात होते. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ती वाट न्हाय पोरांनो, पाण्याची घळ हाय ती."

सहाला फोन करतो असं मी आईला सांगून आलो होतो. फोन लागला तेव्हा नऊ वाजून गेले होते. त्या तीन तासांत संगमनेरच्या आमच्या घरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, आणि ते ऐकणं घळ चढण्यापेक्षा जड गेलं.

यात फोन बिघडला नव्हता आणि जीपीएसही चुकलं नव्हतं. आम्ही अगदी रेषेवरच होतो. चूक त्या रेषेतच होती, आणि घरबसल्या पाच मिनिटांत ती सापडली असती. ती कशी सापडते, हे सांगायला हा लेख आहे.

आपण कुठल्या जंगलाबद्दल बोलतोय?

अहिल्यानगर जिल्ह्याचं पश्चिम टोक म्हणजे अकोले तालुका. इथे कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य आहे. १९८६ मध्ये ते जाहीर झालं आणि त्याचं क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), रतनगड, भंडारदऱ्याचा जलाशय, साम्रदजवळची सांदण दरी, हरिश्चंद्रगड आणि त्याचा कोकणकडा हे सगळं याच भागात येतं. बारी, रतनवाडी, साम्रद, कुमशेत, पाचनई ही ट्रेकर्सना माहीत असलेली गावंही इथलीच. म्हणजे हे निर्मनुष्य जंगल नाही. इथल्या बहुतेक वाटा आधी गावकऱ्यांच्या आणि गुरांच्या आहेत, ट्रेकर त्यावर नंतर आले.

अमेरिकेत अनेक राज्यांच्या सरकारी जंगलांत वाटांना नावं-क्रमांक असतात, झाडांवर रंगीत खुणा असतात आणि वाटांचा नकाशा वनखात्याच्याच वेबसाइटवर पीडीएफमध्ये मिळतो. सह्याद्रीत तसा एकच नकाशा घेऊन निघता येत नाही. तीन-चार ठिकाणचे तुकडे आपल्यालाच जुळवावे लागतात. हे काम अवघड नाही, पण क्रमाने करावं लागतं.

पायरी १: परवानगी आणि नियम

वाट शोधण्याआधी आत जाता येतं का ते बघा. अभयारण्यातला प्रवेश वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार नियंत्रित आहे. ट्रेकर्सच्या बाबतीत ते साधारण असं चालतं: गावाजवळच्या तपासणी नाक्यावर नोंद करायची, प्रवेश शुल्क भरायचं, पावती घ्यायची. पावती ट्रेक संपेपर्यंत जपून ठेवा.

मुक्काम कुठे करता येईल, तंबू चालेल का, पावसाळ्यात कुठली वाट बंद आहे, हे आदेश बदलत राहतात. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबून बेत आखू नका. निघण्याच्या आठवड्यात वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा मुक्कामाच्या गावात फोन करून विचारा. वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. ड्रोन न्यायचा असेल तर वेगळी परवानगी लागते. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं हा कायद्याने गुन्हा आहे. डिसेंबरनंतर इथलं गवत वाळून कोळ झालेलं असतं, त्यामुळे शेकोटीचा विचार डोक्यातून काढूनच टाका.

पायरी २: नकाशे कुठे मिळतात?

ओपनस्ट्रीटमॅप. २००४ पासून जगभरातले स्वयंसेवक मिळून बनवत असलेला हा मोफत नकाशा आहे. आपल्या नेहमीच्या गाडीच्या नकाशात डोंगराच्या जागी नुसता हिरवा डाग दिसतो. तिथे ओपनस्ट्रीटमॅपवर अनेकदा पायवाटा, खिंडी, टाकी आणि देवळं दाखवलेली असतात. तो फोनमध्ये ऑफलाइन वापरायला 'ऑरगॅनिक मॅप्स' किंवा 'ओएसएमअँड' ही अ‍ॅप चांगली आहेत. घरच्या वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवा.

एक सवय लावून घ्या. कॉम्प्युटरवर ओपनस्ट्रीटमॅपची साइट उघडून तुमच्या वाटेवर क्लिक करा. ती रेषा शेवटची कधी बदलली ते दिसतं. काही वाटांना 'सॅक स्केल' हा टॅग असतो. स्विस अल्पाइन क्लबची ही मोजपट्टी वाट किती कठीण आहे ते सांगते. 'ट्रेल व्हिजिबिलिटी' हा टॅग वाट जमिनीवर किती स्पष्ट दिसते ते सांगतो. दोन्ही टॅग नसतील तर त्याचा अर्थ वाट सोपी आहे असा होत नाही. कुणी माहिती भरलेली नाही, एवढाच होतो.

भारतीय सर्वेक्षण विभाग. म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया, १७६७ साली सुरू झालेली संस्था. त्यांचे 'ओपन सिरीज' नकाशे ऑनलाइन नोंदणी करून पीडीएफमध्ये उतरवता येतात. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. एका नकाशात १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा चौकोन मावतो. त्यामुळे कळसूबाई एका नकाशात येतं आणि हरिश्चंद्रगड दुसऱ्या. लांबचा ट्रेक असेल तर शेजारचे नकाशेही घ्या. नाहीतर नेमकी हवी ती खिंड कागदाच्या काठावर संपते.

या नकाशांची एक पारंपरिक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. बारमाही पाणी निळ्या रंगात आणि कोरडे पडणारे ओढे काळ्या रंगात दाखवतात. मार्च-एप्रिलचा ट्रेक असेल तर काळ्या ओढ्याच्या भरवशावर बाटली रिकामी करू नका.

उपग्रहाचे फोटो. गुगल अर्थ किंवा इस्रोचं 'भुवन'. वाट खरोखर आहे का, हे उघड्या पठारावर फोटोत दिसतं, दाट झाडीखाली दिसत नाही. फोटो कधीचा आहे ते आधी बघा. पावसाळ्यानंतरचा असेल तर सगळंच हिरवं दिसतं आणि वाट गवतात बुडलेली असते.

इतरांच्या जीपीएक्स फाइल. विकिलॉक, ऑलट्रेल्ससारख्या ठिकाणी लोक आपापल्या वाटांच्या फाइल टाकतात. हा सगळ्यात उपयोगी स्रोत आहे आणि आम्हाला घळीत नेणाराही हाच. म्हणून त्याला वेगळी पायरी दिली आहे.

पायरी ३: जीपीएक्स फाइल पोट फाडून बघा

जीपीएक्स ही साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडते. आत एकामागून एक बिंदू असतात. प्रत्येकाला अक्षांश, रेखांश, बहुतेक वेळा उंची आणि वेळ. अ‍ॅप हे बिंदू सरळ रेषांनी जोडतं आणि आपल्याला वाट दिसते. उतरवलेल्या प्रत्येक फाइलला हे चार प्रश्न विचारा.

* वेळ आहे का? चालताना फोनने नोंदवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूला तारीख-वेळ असते. घरी बसून माऊसने काढलेल्या रेषेत ती नसते. वेळ नसेल तर फाइल हाताने काढलेली असण्याची शक्यता मोठी आहे. कधीकधी लोक खासगीपणासाठी वेळ काढूनही टाकतात. म्हणून पुढचे प्रश्नही विचारा.
* बिंदू किती? नोंदवलेल्या ट्रॅकमध्ये काही सेकंदांनी एक बिंदू असतो, म्हणजे दिवसभराच्या चालीचे हजारो. आमच्या त्या फाइलमध्ये रतनवाडी ते कुमशेत मिळून ४१ बिंदू होते आणि वेळ एकालाही नव्हती. दोन बिंदूंमध्ये सरासरी तीनशे-साडेतीनशे मीटर, आणि मध्ये अ‍ॅपने मारलेली सरळ रेषा. त्या सरळ रेषेखाली डोंगर आहे, झाडी आहे की कडा, हे फाइलला माहीतच नव्हतं. बिचाऱ्या अ‍ॅपलाही नाही.
* महिना कोणता? फेब्रुवारीत नोंदवलेली वाट सप्टेंबरात कमरेएवढ्या गवताखाली असते. मेमध्ये ज्या ओढ्यातून कुणी कोरड्या बुटांनी गेलं, तिथे जुलैत धबधबा असतो.
* कुणी नोंदवली? ट्रॅक बरोबर असेलही, पण तो दोर लावून कडा उतरणाऱ्यांचा असू शकतो. एकाच जागी दोन-तीन तास बिंदू साचलेत आणि लगेच उंची झपकन कमी झालीय, असं दिसलं तर तिथे दोर लागला असेल असं समजा.

एकाच वाटेच्या निदान तीन वेगवेगळ्या लोकांच्या फाइल घ्या आणि एकावर एक टाकून बघा. जिथे तिन्ही रेषा चिकटून जातात तिथे वाट पक्की. जिथे फाटतात, तिथे प्रत्यक्ष थांबून विचार करायचा. त्या जागांवर निघण्याआधीच पिन टाकून ठेवा. आम्ही नंतर कात्राबाईच्या तीन फाइल जुळवल्या, तेव्हा आमची रेषा नेमकी त्याच वळणाला बाकी दोघींपासून फुटली होती.

पायरी ४: समोच्च रेषा वाचायला शिका

नकाशावरच्या तपकिरी वेड्यावाकड्या रेषा म्हणजे समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्या उंचीवर असतात. १:५०,००० च्या नकाशात दोन रेषांमध्ये २० मीटरचा फरक असतो. रेषा लांब-लांब असतील तर पठार. दाटीवाटीने असतील तर तीव्र चढ. एकमेकींना चिकटल्या असतील तर कडा.

आता महत्त्वाचं. या रेषा मराठी आठच्या आकड्यासारख्या टोकदार वळतात. टोक उंच भागाकडे असेल तर ती घळ किंवा ओढा. टोक उताराकडे असेल तर ती डोंगराची सोंड. उतरण्यासाठी सोंड बहुधा बरी, घळ बहुधा फसवी. का? सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे. कठीण थर उभे राहतात, मऊ थर झिजतात. त्यामुळे डोंगराला पायऱ्या पडतात आणि त्याच पायऱ्यांवरून पावसाळ्यात पाणी उडी मारतं. म्हणजे घळीतून उतरताना कुठेतरी धबधब्याची कोरडी जागा लागणार, हे जवळपास ठरलेलं. आम्हाला लागली ती तीच.

आणि हे नकाशात दिसलं असतं का? रेषा घळीत उतरतेय हे दिसलं असतं. कातळाचा टप्पा मात्र दिसलाच असता असं नाही. दोन रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असेल तर दहा-बारा मीटरचा कडा त्यांच्यामध्ये सहज लपतो. फोनमधल्या अ‍ॅपची उंचीची माहिती तर बऱ्याचदा साल २००० च्या अवकाशयान मोहिमेतून आलेली असते. त्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची दिलेली आहे. कोकणकड्यासारखा आत वळलेला कडाही त्यात नुसता तीव्र उतार वाटतो. म्हणून नकाशात 'इथून जमेल' असं दिसलं, तरी मळलेली वाट नसेल तर उतरायचं नाही.

पायरी ५: अक्षांश-रेखांशाची गंमत, जी गंमत नाही

कळसूबाईचं ठिकाण १९ अंश ३६ मिनिटं उत्तर, ७३ अंश ४२ मिनिटं पूर्व असं लिहिलेलं आढळतं. पुष्कळ जण अ‍ॅपमध्ये १९.३६, ७३.४२ असं टाकतात. चूक! एका अंशात ६० मिनिटं असतात. ३६ भागिले ६० म्हणजे ०.६०, आणि ४२ भागिले ६० म्हणजे ०.७०. बरोबर आकडे १९.६०, ७३.७०. चुकीचे आकडे टाकले तर पिन जवळपास ४० किलोमीटर नैऋत्येला, घाटाखाली ठाणे जिल्ह्यात पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे दशांश चिन्हानंतर किती आकडे लिहायचे. दोन आकडे म्हणजे साधारण एक किलोमीटरची अचूकता, चार आकडे म्हणजे सुमारे ११ मीटर. मदत मागायची वेळ आली तर पाच आकडे पाठवा.

पायरी ६: पायथ्यापर्यंतचा रस्ताही तपासा

ट्रेकची तयारी करताना गाडीचा रस्ता आपण गृहीत धरतो. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेल्या पुण्याच्या तिघांची गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ पाण्यात गेली. मोबाईलचा नकाशा पुलावरून रस्ता दाखवत होता आणि पूल धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे वाचले, गाडी चालवणारे गेले. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं की तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो. नकाशाला माहीत नव्हतं.

त्यामुळे दोन नियम. धरणांच्या या भागात अनोळखी रस्त्याने रात्री जायचं नाही, आणि मुख्य रस्ता सोडताना चहाच्या टपरीवर विचारायचं.

अजून एक. गाडीच्या नकाशात गडाचं नाव टाकू नका, पायथ्याच्या गावाचं टाका. अ‍ॅप बिंदूच्या सर्वांत जवळचा रस्ता शोधतं आणि तो कड्याच्या खालचाही असू शकतो. हरिश्चंद्रगडावर पाचनईहून जाता येतं, पुणे जिल्ह्यातल्या खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे जाता येतं आणि ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेनेही. पहिली वाट नवख्यांसाठी ठीक, नळीची वाट अजिबात नाही. एकच गड, तीन जिल्हे. गावाच्या नावापुढे तालुकाही टाका, कारण आंबेवाडी नावाची गावं महाराष्ट्रात किती आहेत ते सर्च करूनच बघा.

पायरी ७: वेळेचं गणित

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा नियम दिला. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. बारीहून कळसूबाई घ्या. एका बाजूने साधारण साडेतीन किलोमीटर, चढ ८०० मीटरच्या आसपास. अंतराची ४२ मिनिटं, चढाची ८० मिनिटं, मिळून दोन तास. हा आकडा न थांबणाऱ्या, सवयीच्या माणसाचा. जड सॅक, ऊन, फोटो आणि आपला ग्रुप धरून मी त्याला दीडने गुणतो. तीन तास.

दोन दिवसांचा बेत आखताना प्रत्येक टप्प्याची अशी बेरीज करा. मग उलटं चाला. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मुक्कामाला चारला पोचायचं ठरवा, म्हणजे दोन तास हाताशी राहतात. त्यावरून निघायची वेळ काढा. आणि 'परत फिरायची वेळ' आधीच लिहून ठेवा: अमुक वाजेपर्यंत खिंडीत नसलो तर परत.

रतनवाडी ते हरिश्चंद्रगड या ट्रेकचा आमचा आताचा आराखडा असा आहे. पहिला दिवस रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, गावात मुक्काम. दुसरा दिवस कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई. पाचनईला दुपारी बारापर्यंत पोचलो तरच गड, नाहीतर तिथूनच घरी. कुमशेत आणि पाचनई दोन्हीकडून राजूरला रस्ता आहे, म्हणजे ट्रेक सोडून बाहेर पडायच्या या दोन जागा. अशा जागा नकाशावर वेगळ्या रंगात टाकून ठेवा. बेत चांगला तोच, जो मध्येच सोडता येतो.

पायरी ८: फोनची तयारी

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन फक्त उपग्रहांचे संकेत ऐकतो. नेटवर्क असताना जागा लवकर सापडते, नसताना पहिल्यांदा काही मिनिटं लागू शकतात, एवढाच फरक. म्हणून गावातून निघतानाच अ‍ॅप उघडून निळा ठिपका पक्का होऊ द्या.

* निघण्याआधी घरीच फ्लाइट मोड लावून नकाशा आणि फाइल उघडते का ते बघा. ही चाचणी निम्मे लोक करत नाहीत.
* डोंगरात फ्लाइट मोडवर ठेवा. सिग्नल शोधण्यातच बॅटरी सर्वांत जास्त जाते. बहुतेक फोनमध्ये फ्लाइट मोडवरही जीपीएस चालू राहतं.
* १०,००० एमएएचची पॉवर बँक फोनला प्रत्यक्षात सहा-सात हजारच देते, बाकी व्होल्टेज बदलण्यात जातं. त्या हिशोबाने घ्या.
* ग्रुपमधल्या निदान दोन फोनमध्ये तोच नकाशा, तीच फाइल हवी. सर्व्हेच्या नकाशाची एक प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत घाला. कागदाला चार्जिंग लागत नाही.
* खोल दरीत कड्यावर आपटून आलेल्या संकेतांमुळे ठिपका पन्नास-शंभर मीटर उडू शकतो. ठिपका उडाला म्हणून आपण उडी मारायची नाही.

पायरी ९: घरी एक मेसेज ठेवून जा

हा धडा मी आईकडून शिकलो. आता निघण्याआधी घरच्या ग्रुपवर हे टाकतो: कोण कोण आहे, कुठून कुठे, मुक्कामाच्या घरचा नंबर, जीपीएक्स फाइल आणि दोन वेळा. पहिली 'फोन करेन' ती. दुसरी 'तोपर्यंत फोन नाही आला तर काळजी करा' ती. दोन्हींमध्ये किमान चार तासांचं अंतर ठेवतो, कारण सिग्नल नसणं म्हणजे अपघात नव्हे, हे घरच्यांना आधी माहीत असायला हवं. दुसरी वेळ टळली की कुणाला फोन करायचा तेही लिहितो: आधी मुक्कामाचं घर, मग ११२.

अडकलात तर आहात तिथेच थांबा. डेटा चालत नसेल तिथेही साधा एसएमएस कधीकधी निघून जातो. त्यात अक्षांश-रेखांश, किती जण, कुणाला काय झालंय, एवढंच लिहा.

पायरी १०: गावाला विचारा, आणि गावाचे शब्द शिका

विचारायचं म्हणजे स्क्रीन पुढे करून "ही वाट बरोबर आहे का?" असं नाही. समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणेल. "कुमशेतला तुम्ही कुठून जाता? या महिन्यात जाताय का? शेवटचं पाणी कुठं?" असं विचारा. मग उत्तरात जे शब्द येतील ते ओळखता यायला हवेत. खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली उतरती जागा. सोंड म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार. पदर म्हणजे कड्याखालचा सपाट पट्टा. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद उतरण. ढोरवाट म्हणजे गुरांची वाट. ती दिसते छान, पण चाऱ्याकडे जाते, गावाकडे जाईलच असं नाही. नवीन वाटेला गावातला वाटाड्या घ्या. त्याचे पैसे खर्चात पहिल्या ओळीला लिहा, उरले तर देऊ असं नाही.

पुढच्या जानेवारीत आम्ही चौघं परत कात्राबाईला गेलो, या वेळी काकांच्या मुलासोबत. त्या वळणावर तो न थांबता आडवा वळला. मी थांबलो, फोन काढला. खाली घळ, वर मळलेली वाट. मी पूर्ण ट्रॅक नोंदवला, वेळेसकट, आणि घरी आल्यावर ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्यक्ष चाललेला तेवढाच भाग टाकला. वर्णनात महिना लिहिला, आणि 'इथून घळीत उतरू नका' अशी टीपही.

संध्याकाळी पावणेसहाला आईला फोन लागला. ती म्हणाली, "अजून पंधरा मिनिटं होती की तुला."